अंजिरांचा लेप

दगडवाल्याने थडग्याच्या दगडावर आईचं नाव कोरून ठेवलं होतं. नावाखाली जन्माचं आणि मृत्यूचं साल, आणि त्याखाली हाताच्या तळव्याएवढी मोकळी जागा. त्या जागेवर खडूने आडवी रेघ ओढत तो म्हणाला की तुमच्या ख्रिस्ती लोकांत इथं शास्त्रातलं वचन घालतात, कोणतं ते सांगा म्हणजे काम उरकून टाकू.

पप्पांनी शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं. बोटभर लांब, कडा गोल कापलेलं, हाताळून मऊ पडलेलं. दगडवाल्याने ते घ्यायला हात पुढे केला, पण मध्येच त्यांची लेक म्हणाली, "आम्ही कळवतो तुम्हाला."

पप्पांनी कार्ड परत खिशात ठेवलं. दगडवाल्याने एकदा बापाकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. मेलेल्या माणसावरून जिवंत माणसं कशी भांडतात हे त्याला नवं नसावं. "सावकाश कळवा," तो म्हणाला. "दगड कुठं पळून जात नाही. फक्त एक, कोरल्यावर खोडायचं रबर माझ्याकडे नाही."

दोघं घरी आले. कार्डावर काय आहे ते लेकीला वाचायची गरज नव्हती. त्या कार्डानेच आईचा जीव घेतला असं तिचं ठाम मत होतं, आणि त्यावरचं वचन आपल्या आईच्या छातीवर दगडात कोरून ठेवलं जाणार नाही एवढ्याचसाठी तिने कॉलेजातली रजा वाढवून घेतली होती.

पप्पांचा जन्मभर छोटा छापखाना होता. बिलबुकं, पत्रिका, शाळांची निकालपत्रकं, पडेल ते काम. पण त्यांचा जीव अडकला होता तो वचनांच्या पेटीत. वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की चर्चच्या मंडळीत ती लाकडी पेटी फिरायची. प्रत्येकाने डोळे मिटून एक कार्ड उचलायचं आणि त्यावर छापलेलं वचन देवाने या वर्षासाठी खास आपल्याला दिलं असं समजायचं. कार्डं पप्पा छापत, आणि पवित्र शास्त्रातून वचनं निवडायचं कामही त्यांचंच. शाप, दटावणी, रडगाणी पेटीत जात नसत. नव्या वर्षाला लोकांच्या हातात काय द्यायचं याला काही रीत असते, असं ते म्हणत. एका वर्षी मंडळीतल्या एका लग्न न केलेल्या म्हाताऱ्या शिक्षिकेला तुझी संतती ताऱ्यांसारखी अगणित होईल अशा अर्थाचं कार्ड आलं, तेव्हा देवाने पत्ता चुकवलेला दिसतो असं बाई स्वतःच म्हणाल्या आणि सगळे पोट धरून हसले. ते वचन शब्दशः घ्या असं त्यांना कुणीच सांगितलं नाही.

आईचं कार्ड मात्र शब्दशः घेतलं गेलं.

तिच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी तपासणी करून ऑपरेशनची तारीख दिली होती. आई स्वतः जन्मभर नर्स. वॉर्डात अशा किती बायका तिच्या हाताखालून गेल्या होत्या. ती घाबरली होती, पण जायला तयार होती. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. मग पेटी फिरली आणि तिच्या हातात आजारी राजाचं कार्ड आलं. मरणाला टेकलेला राजा भिंतीकडे तोंड करून रडला, आणि तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझी आसवं पाहिली आहेत, तुला बरं करतो, असं देवाने त्याला सांगितलं, त्या प्रसंगातलं. आईने ते वाचून पप्पांच्या हातात दिलं आणि पप्पा भर मंडळीत रडले.

पुढचं सगळं रीतसर झालं. मंडळीच्या पंचांनी येऊन तेल लावलं, हात ठेवले, प्रार्थना केली. गाठ लहान वाटायला लागली. पप्पांना वाटली, चर्चच्या पाळकसाहेबांना वाटली, कदाचित चार दिवस आईलाही वाटली असेल. रविवारी ती उभी राहिली आणि देवाने मला बरं केलं अशी तिने साक्ष दिली. त्या मंडळीत साक्षीची रीतच अशी होती: वस्तू हातात पडण्याआधी आभार मानायचे, तोच विश्वास. आणि एकदा साक्ष दिल्यावर डॉक्टरची पायरी चढणं म्हणजे चारचौघांत देवाला खोटं पाडणं. ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. पिशवीतले कपडे आईने पुन्हा कपाटात लावले.

लेक तेव्हा दुसऱ्या शहरात होती. फोनवर आई म्हणायची, "अगं, छान आहे मी. तू जेवलीस का?"

आई अंथरुणाला खिळली तेव्हाच लेकीला खरं कळलं. एका दुपारी ती आईचं अंग पुसत होती. गाठ फुटून झालेली जखम पाहून तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. आईच हळूच म्हणाली की साक्ष दिल्यावर थोड्याच दिवसांत मला कळलं होतं गं, मला नाही कळणार तर कुणाला.

"मग गप्प का राहिलीस?"

"तुझ्या पप्पांचा चेहरा बघितला असतास त्या रविवारी, तर तूही गप्प राहिली असतीस." मग थोडं थांबून, "त्यांना सांगू नकोस. त्यांचा विश्वास मोडेल."

लेकीने मान हलवली होती. मान हलवण्याला वचन म्हणतात की नाही, हा प्रश्न तिला आता रोज पडत होता.

दगडवाल्याकडून परतल्यावर त्याच संध्याकाळी पाळकसाहेब आले. तरुण होते, मऊ बोलायचे, आईवर त्यांची खरंच माया होती. दफनाच्या वेळी तेच सगळ्यांत जास्त रडले होते. त्यामुळे त्यांचा राग करणं लेकीला आणखीच जड जाई. चहा घेता घेता ते म्हणाले की येत्या रविवारचा उपदेश आईंच्या वचनावरच करणार आहे. देवाने त्यांना बरं करतो म्हटलं आणि बरं केलं. फक्त इथलं तात्पुरतं बरेपण न देता तिथलं कायमचं दिलं. पप्पा मान डोलावत होते. लेक मनाशी हिशेब मांडत होती. गाठ लहान झाली तर देवाने ऐकलं. मोठी झाली तर देव पारखतो आहे. माणूस गेलं तर पूर्ण आरोग्य. फासा कसाही पडला तरी डाव यांचाच. तिने उभ्या आयुष्यात कितीतरी टीकाकार वाचले होते, पण हातातल्या मजकुराची इतकी सोय लावणारा एकही तिला भेटला नव्हता.

ती काहीच बोलली नसती. कप उचलून आत गेली असती आणि पाळकही गेले असते. पण उठता उठता ते म्हणाले, "आईंची साक्ष अजून काम करते आहे बरं का. आपल्या टेलरबाई आहेत ना, त्यांनाही तसंच निघालंय. पुढच्या आठवड्यात तारीख होती त्यांची. त्यांनी कळवून टाकलं की येत नाही. काकूंनी केलं तेच मी करणार म्हणाल्या. आता दगडावर ते वचन आलं की जाऊन बघणार आहेत."

पाळक गेल्यावर लेकीने जाडजूड शास्त्र कपाटातून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पप्पांसमोर ठेवलं.

"त्या राजाचं सगळं वाचा, पप्पा. कार्डावरचं नाही. सगळं."

"मला पाठ आहे."

"मग म्हणा."

पप्पांनी पुस्तक उघडलं नाही. खिडकीकडे बघत, छापखान्यात मजकूर तपासून बघताना वाचायचे तशा सपाट आवाजात, त्यांनी प्रसंग सांगितला. देवाचा संदेष्टा राजाकडे पहिल्यांदा आला तो निराळंच सांगायला आला होता: घराची निरवानिरव कर, तू वाचणार नाहीस. मग राजा रडला. मग संदेष्टा अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि त्याने दुसरा निरोप दिला, तो कार्डावरचा. इथपर्यंत येऊन पप्पा थांबले.

"पुढे?"

"पुढे तो बरा झाला."

"कसा?"

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "संदेष्ट्याने अंजिरांचा लेप आणायला सांगितला. तो गळवावर बांधला, आणि राजा बरा झाला."

"त्या काळचं औषध ना ते?"

"हो."

"देवाने बरं करतो म्हटल्यानंतर."

"हो म्हटलं ना."

"मग ते कार्डावर का नाही?"

"कार्ड केवढं असतं?" पप्पा चिडले. "मावायला नको? आणि अंजिरांचा लेप आजच्या माणसाच्या काय कामाचा?"

"आईच्या कामाचा होता."

नळाला पाणी आलं होतं. बादली भरून वाहत होती, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही. मग पप्पांनी आपलं नेहमीचं हत्यार काढलं. तिला ते लहानपणापासून पंडिताबाई म्हणत. आधी कौतुकाने, ती मंडळीत यायची बंद झाल्यापासून टोचून. पंडिताबाईंनी पुष्कळ पुस्तकं वाचलीत, ते म्हणाले, पण शास्त्र हे पुस्तकासारखं वाचायचं नसतं. आपण त्याला वाचत नाही, ते आपल्याला वाचतं.

"मग आपल्याबद्दल काय वाचलं त्याने?" लेकीने विचारलं.

आणि कसं कोण जाणे, तोंडात इतके दिवस दाबून धरलेलं वाक्य तिच्याकडून सुटलं. आईला कळलं होतं, ती म्हणाली. साक्ष दिल्यावर थोड्याच दिवसांत कळलं होतं. बाथरूममध्ये स्वतःची जखम स्वतः बांधायची. तुमचा विश्वास मोडू नये म्हणून मेली ती.

आता हा माणूस कोसळेल असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला ते हवंही होतं. आणि हवं होतं याची शरम तिला पुरेशी वाटत नव्हती.

पप्पा कोसळले नाहीत. त्यांनी उठून नळ बंद केला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

लेकीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"बाथरूमच्या दाराबाहेर उभा असायचो मी. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज यायचा. तो दबावा म्हणून ती खोटं खोटं खोकायची. पुढेपुढे खोकताना तिला कळा यायला लागल्या. मग तिला खोकावं लागू नये म्हणून मी रेडिओ लावायला लागलो."

"आणि काही बोलला नाहीत."

"नाही."

"का?"

पप्पांनी टेबलावरचा हात उलटासुलटा करून पाहिला. बोटांच्या पेरांत शाईचा काळा अंश अजून होता, छापखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी. दर बुधवारी मंडळी याच घरात वचनाला बसायची, ते म्हणाले. मी अर्थ सांगायचो आणि ते ऐकायचे. त्यांना काय सांगणार होतो? देवाच्या नावाला बट्टा लागेल असं मनाशी म्हणायचो. "देवाच्या नाही," ते म्हणाले. "माझ्याच. पेटी माझी होती."

लेकीने हे वाक्य कित्येकदा त्यांच्या तोंडी घालून पाहिलं होतं. ते ऐकल्यावर आपण काय बोलू तेही ठरवलं होतं. ते आता कशालाच लागू पडत नव्हतं. आई आणि पप्पा एकमेकांचा विश्वास सांभाळत एका घरात राहिले होते आणि त्या विश्वासाखाली दोघांकडेही विश्वास नव्हता, नुसती माया होती आणि लाज होती. मायेने एक जण गप्प, लाजेने दुसरा गप्प. मधल्या मध्ये तिची आई गेली.

"दगडावर नाव राहू दे," पप्पा म्हणाले. "खाली काही नको."

तिला हवं होतं ते मिळालं होतं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "टेलरबाईंकडे जायला हवं."

"तू जा. नीट समजावून सांग."

"माझं त्या ऐकणार नाहीत, पप्पा. मी मंडळीतून उठून गेलेली. पेटी तुमची आहे."

पप्पा आत गेले. बाहेर आले ते अंगावर धुतलेला शर्ट घालून. त्या शर्टाच्या खिशात काही नव्हतं.

टेलरबाईंचं दुकान जिन्याने वर, एका खोलीत. दाराशी शाळेच्या गणवेशांचा ढीग, भिंतीला टांगलेली अर्धवट शिवलेली जाकिटं, बाईंच्या गळ्यात टेप, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. बाई चाळिशीच्या आतल्याच. मशीन चालवताना त्या डावा हात अंगाशी धरून होत्या, आणि लेकीचं लक्ष पहिल्यांदा तिकडेच गेलं. पप्पांना दारात बघून त्या लगबगीने उठल्या, खुर्चीवरचे गणवेश उचलून त्यांना बसायला दिलं, लेकीला स्टूल पुढे केलं.

"काका, तुम्ही का जिने चढलात? निरोप धाडायचा, मी आले असते. काकूंचं रोज मनात येतं बघा. त्यांच्याकडे बघूनच तर मी उभी आहे."

पप्पा बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. लेकीला वाटलं होतं ते आडवळणं घेतील. पण त्यांनी काहीही राखून ठेवलं नाही. ती बरी झाली नव्हती, ते म्हणाले. गाठ होती तिथेच होती, मग फुटली. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. चिकटपट्टी, खोकणं, रेडिओ, सगळं. आणि शेवटी: "तारीख परत माग, बाई. उद्याच्या उद्या फोन कर."

टेलरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पदराने ते टिपून त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढं दुखत होतं, आणि तरी काकूंनी साक्ष मोडली नाही."

पप्पांनी हात हलवून नाही नाही म्हटलं.

"केवढा विश्वास, काका. मी तर बोटात सुई गेली तरी घर डोक्यावर घेते."

मग लेक मध्ये पडली. पाठ पढवल्यासारखं होऊ नये म्हणून तिने जमेल तितक्या साधेपणाने राजाची गोष्ट सांगितली, अंजिरांच्या लेपापर्यंत. देवानेच औषध बांधायला लावलं, ती म्हणाली. औषध घेणं म्हणजे त्याला खोटं पाडणं असतं तर त्याने ते सांगितलंच नसतं.

टेलरबाई तिच्याकडे बघून प्रेमाने हसल्या. घरात अडाणी पाहुणा आल्यावर हसतात तसं. "ताई, लेप राजाचा होता हो. आपल्याला काय त्याचं?"

"मग वचनसुद्धा राजाचंच होतं."

"वचन काकूंच्या हातात आलं ना. लेप कुठं आला?"

कार्डावर जे छापलं नव्हतं ते या बाईच्या लेखी शास्त्रात नव्हतंच. लेक पप्पांकडे वळली. पप्पा खुर्चीची पाठ घट्ट धरून होते.

"एक विचारू का, काका?" टेलरबाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही का नाही नेलंत त्यांना? मनात कुठंतरी भरवसा होता म्हणूनच ना?"

"नाही," पप्पा म्हणाले. "लाज वाटली म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. टेलरबाई पप्पांजवळ आल्या. माणूस दुःखात सगळं स्वतःच्या माथ्यावर ओढून घेतो, त्या म्हणाल्या. माझे वडील गेले तेव्हा माझी आईसुद्धा असंच काहीबाही बोलायची. तुम्ही इतकी वर्षं आमच्यासाठी प्रार्थना केलीत. आज मला तुमच्यासाठी करू द्या.

त्यांनी पप्पांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. पप्पांनी मान खाली घातली. लेकीने डोळे मिटले नाहीत. तिला त्या दोघांकडे बघायचं होतं. अजूनही पप्पा तो हात बाजूला करून उठतील, आवाज चढवतील, या बाईला दंडाला धरून जिना उतरवतील, असं तिला वाटत होतं.

टेलरबाईंनी देवाचे आभार मानले. काकूंसाठी मानले, त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत राखलेल्या साक्षीसाठी मानले. या तुझ्या थकलेल्या सेवकाच्या मनात शिरलेली शंका काढून टाक, असं मागितलं. मला बरं केल्याबद्दल तुझी आभारी आहे, असं म्हटलं. आणि भलते सल्ले ऐकून माझा पाय डगमगू देऊ नकोस.

प्रार्थना संपली. आणि डोक्यावरचा हात उचलला जायच्या आधीच, जन्मभराच्या सवयीने, पप्पा म्हणाले, "आमेन."